आधीच्या मालकाच्या खुणा बाळगणारा थिंकपॅड

माझ्या लॅपटॉपच्या पोटाला एक अर्धवट खरवडलेले लेबल आहे. त्यावरचे कंपनीचे नाव कोणीतरी नखाने किंवा थिनरने घासून काढले आहे, पण बारकोडचा उजवा तुकडा आणि त्याखालचे चार आकडे अजून शाबूत आहेत. कोणत्या तरी कार्यालयाच्या मालमत्ता नोंदवहीत हा लॅपटॉप या आकड्यांनी ओळखला जात होता. २०१८ मध्ये पुण्याच्या तपकीर गल्लीत मी तो साडेअकरा हजार रुपयांना घेतला, तेव्हा तो सात वर्षांचा होता. आज त्याच्या वयाचे बहुतेक लॅपटॉप भंगारात गेले आहेत आणि मी मात्र याच्यावर अजून हिशेब लिहितो, जीएसटीची विवरणपत्रे भरतो आणि हा लेखही टंकतो आहे. मॉडेल लेनोवो थिंकपॅड टी४२०, साल २०११.

घरगुती लॅपटॉप विकत घेणारा, वापरणारा आणि बिघडल्यावर दुकानात नेणारा माणूस एकच असतो. कंपनीच्या लॅपटॉपचे तसे नसते. पैसे देणारा खरेदी विभाग वेगळा, वापरणारा कर्मचारी वेगळा, आणि त्याला नेटवर्कला जोडणारा, दुरुस्त करणारा, कर्मचारी नोकरी सोडून गेला की पुसून दुसऱ्याच्या हवाली करणारा आयटी विभागाचा माणूस वेगळा. टी४२० उघडून पाहिला, त्याच्या बायोसमधून (मशीन सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमधून) एकदा फिरून आले की लक्षात येते की तो या तिसऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून घडवलेला आहे. माझ्या घरी आल्यावर या तिन्ही भूमिका माझ्याकडेच आल्या, त्यामुळे त्या माणसासाठी केलेल्या सोयी मला फुकट मिळाल्या आणि त्याच्या हाती राहाव्यात म्हणून घातलेली कुलपेही माझ्याच वाट्याला आली.

पहिले कुलूप दुकानातच तपासावे लागते. मशीन सुरू होताना एफ१ दाबून बायोसमध्ये शिरायचे आणि सुपरवायझर पासवर्ड लावलेला नाही ना, हे पाहायचे. दुकानदार म्हणाला, "साहेब, पासवर्ड असला तर काय, आतला सेल काढला की उडतो." साध्या संगणकात ते खरे असते, थिंकपॅडमध्ये मात्र हा पासवर्ड बॅटरीवर जगणाऱ्या स्मृतीत नसून मदरबोर्डवरच्या वेगळ्या चिपमध्ये कोरलेला असतो, आणि तो विसरल्यास अधिकृत उपाय मदरबोर्ड बदलण्याचा आहे. दुसरी तपासणी त्याच बायोसमधल्या कॉम्प्युट्रेस नावाच्या चोरीविरोधी सोयीची. तिथे चालू, बंद आणि कायमचे बंद असे तीन पर्याय असतात, आणि आधीच्या कंपनीने ती सोय सक्रिय करून ठेवली असेल तर नव्या मालकाला ती बंद करता येत नाही. माझ्या नशिबाने पासवर्ड नव्हता आणि कॉम्प्युट्रेस बंद होते. दुकानदार वैतागून म्हणाला, "एवढं तर नवीन घेणारेपण बघत नाहीत हो." नव्याला ते बघावेच लागत नाही, हे मी मनातच ठेवले.

आतले सामान थोडक्यात सांगतो, कारण या मशीनची खरी गंमत त्यात नाही. इंटेलच्या दुसऱ्या पिढीचा कोअर आय५-२५२०एम हा दोन गाभ्यांचा प्रोसेसर, मूळ वेग २.५ गिगाहर्ट्झ आणि गरज पडल्यास ३.२ पर्यंत, आणि बोर्डावरचे बाकीचे भाग सांभाळणारा चिपसेट क्यूएम६७. प्रोसेसर बोर्डाला डाग देऊन चिकटवलेला नसून सॉकेटमध्ये बसवलेला आहे, म्हणजे एक स्क्रू फिरवून तो काढता येतो. रॅमच्या दोन्ही जागांवर आठ-आठ जीबीच्या डीडीआर३ पट्ट्या घालून मी १६ जीबी केली. मुख्य डिस्कच्या जागी साधी अडीच इंची एसएसडी बसते आणि तिला सेकंदाला ६ गिगाबिटचा साटा (डिस्क जोडण्याचा) मार्ग मिळतो. डीव्हीडी ड्राइव्हची जागा निघणारी आहे. तिथे एक सांगाडा बसवून मी दुसरी डिस्क घातली आहे. कीबोर्ड जुन्या पद्धतीचा, सात ओळींचा. पुढच्याच वर्षीच्या टी४३०मध्ये तो जाऊन सहा ओळींचा सुट्या बटणांचा कीबोर्ड आला, आणि जुन्याची आठवण काढणाऱ्यांसाठी लेनोवोने २०१७ मध्ये थिंकपॅडच्या पंचविशीनिमित्त काढलेल्या खास मॉडेलात तो पुन्हा दिला. पडद्याच्या वरच्या काठावर एक इवलासा दिवा आहे, तो कीबोर्डवर उजेड टाकतो. वीज गेली की या दिव्याची किंमत कळते.

या सगळ्याहून मोलाची गोष्ट म्हणजे या मशीनचे दुरुस्ती-पुस्तक. लेनोवोने ते कोणालाही मोफत उतरवून घेता येईल असे ठेवले आहे, आणि त्यात प्रत्येक भाग कोणत्या क्रमाने काढायचा, कुठला स्क्रू किती लांबीचा, हे चित्रांसह दिलेले आहे. मशीनच्या तळावर स्क्रूंच्या शेजारी छोटी चिन्हे कोरलेली आहेत. कीबोर्डचे चिन्ह असलेले स्क्रू काढले की कीबोर्ड निघतो. प्रत्येक सुट्या भागावर स्वतःचा क्रमांक छापलेला असतो, आणि बाजारात भाग मागताना दुकानदाराला मॉडेलचे नाव सांगण्यापेक्षा हा क्रमांक सांगितलेला अधिक उपयोगी पडतो.

आता नेटवर्ककडे वळतो. टी४२०च्या कडेला पूर्ण आकाराचे इथरनेट पोर्ट, म्हणजे नेटवर्कची केबल लावायची जागा, आहे. हल्लीच्या पातळ लॅपटॉपांत आढळणारे, जबडा उघडून केबल गिळणारे बिजागरीचे पोर्ट नव्हे, तर सरळ चौकोनी भोक, ज्यात केबल टक् करून बसते आणि शेजारचे दोन बारीक दिवे लागतात. त्यामागे इंटेलचा ८२५७९एलएम हा गिगाबिट (सेकंदाला १००० मेगाबिटचा) नियंत्रक आहे. लिनक्स या मोफत कार्यप्रणालीत त्याला वेगळा ड्रायव्हर (यंत्र चालवणारा प्रोग्रॅम) शोधावा लागत नाही, आणि दोन संगणक एकमेकांना थेट जोडायचे असले तर क्रॉस केबलही लागत नाही, कारण कुठल्या तारेवर बोलायचे आणि कुठल्या तारेवर ऐकायचे, हे पोर्ट स्वतःच ठरवते.

इतके असूनही पहिले वर्षभर मला गिगाबिट मिळत नव्हते. घरातल्या डेस्कटॉपवरून वडिलांच्या जुन्या छायाचित्रांचा ८० जीबीचा संग्रह टी४२०वर घ्यायला बसलो, तेव्हा सेकंदाला अकरा मेगाबाइटांच्या पुढे आकडा जाईना आणि उरलेला वेळ जवळजवळ दोन तास दिसू लागला. अकरा हा आकडा ओळखीचा वाटायला हवा होता, कारण आठ बिटांचा एक बाइट होतो आणि १०० मेगाबिटच्या जोडणीतून प्रत्यक्षात तेवढेच निघते. एथटूल ही जोडणीचा तपशील दाखवणारी आज्ञा चालवून पाहिली, तर दोन्ही टोकांची यंत्रे १००० मेगाबिटला सक्षम असल्याचे सांगत होती आणि जोडणी मात्र १००वर झालेली होती. केबल लावल्यावर दिवा काही क्षण लुकलुके, विझे आणि मग स्थिर होई, तेही मग ध्यानात आले. पोर्ट आधी मोठ्या वेगाचा प्रयत्न करत होते, तो फसत होता, आणि मग ते निमूटपणे खालच्या वेगावर उतरत होते.

केबलचे टोक हातात घेऊन दिव्याखाली धरले. पारदर्शक प्लास्टिकच्या जॅकमध्ये तांब्याच्या आठ पट्ट्या होत्या, पण त्यांच्याखाली तारा चारच पोहोचल्या होत्या : पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी. उरलेल्या चार तारा जॅकच्या तोंडाशी कापून मागे दुमडल्या होत्या, आणि निळ्या तारेचे टोक बाहेरच्या आवरणातून डोकावत होते. ही केबल इंटरनेट जोडून देणाऱ्या मुलाने जाता जाता उरलेल्या वायरीतून बनवून दिली होती. १०० मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही जोड्या लागतात. पुढच्या वेळी तो आला तेव्हा मी विचारले, "दादा, आठही तारा का नाही लावल्या?" तो म्हणाला, "साहेब, नेट चालू आहे ना? नेटला चारच लागतात. बाकीच्या चारवर दुसरा फ्लॅट चालतो." त्याच्या हिशेबाने ते बरोबरच होते, आमच्या इमारतीत एकाच केबलीवर दोन घरे चालवल्याची उदाहरणे मी नंतर स्वतः पाहिली. चारही जोड्या जोडलेली तयार कॅट-५ई केबल आणल्यावर तोच ८० जीबीचा संग्रह बारा-तेरा मिनिटांत उतरला, आणि आकडा ११० मेगाबाइटांच्या आसपास राहिला. नवे वायफाय चांगल्या राउटरसमोर याच्या पुढे जाते, हे मला मान्य आहे. पण भिंती, शेजाऱ्यांचे राउटर आणि मायक्रोवेव्ह यांची पर्वा न करता हाच आकडा वर्षानुवर्षे देणारी गोष्ट माझ्या घरात ही केबलच आहे.

या पोर्टाच्या अंगी आणखी दोन गुण आहेत, जे घरगुती ग्राहकाच्या कधी कानावरही येत नाहीत. एक म्हणजे नेटवर्कवरून मशीन सुरू करून त्यावर कार्यप्रणाली चढवणे. शंभर लॅपटॉप आले तर आयटीचा माणूस शंभर पेनड्राइव्ह घेऊन बसत नाही. तो मशीनला केबल लावतो, एफ१२ दाबून यादीतून नेटवर्क निवडतो, आणि मशीन सर्व्हरकडे आपला पत्ता व सुरुवातीची फाइल मागते. घरी हे करून पाहण्याचे खरे तर काही कारण नव्हते, पण पेनड्राइव्ह सापडत नव्हता आणि रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक कपाटात पडून होता. त्यावर डीएनएसमास्क नावाची छोटी सेवा उभी केली, डेबियन या लिनक्सच्या इन्स्टॉलरच्या फाइली ठेवल्या, आणि काळ्या पडद्यावर पत्ता मिळाल्याची ओळ उमटलेली पाहून जो आनंद झाला, तो पेनड्राइव्ह सापडल्याने नक्कीच झाला नसता.

दुसरा गुण म्हणजे बंद मशीनला जागे करणे. मशीन बंद असले तरी चार्जर लावलेला असेल तर इथरनेटचा भाग किंचित विजेवर जागा राहतो आणि एका ठरावीक संदेशाची वाट पाहतो. तो संदेश गमतीशीर आहे : आधी २५५ हा आकडा सहा वेळा, आणि मग त्या पोर्टाचा सहा बाइटांचा मॅक पत्ता (त्याचा स्वतःचा ओळख क्रमांक) लागोपाठ सोळा वेळा, असे एकूण १०२ बाइट. एखाद्याला दारातून सोळा वेळा नावाने हाक मारावी, तसलाच प्रकार. माझा टी४२० आता बहुतेक वेळ झाकण मिटून टीव्हीच्या कपाटात असतो आणि घरातल्या फाइलींचे कोठार म्हणून काम करतो. रात्री तो बंद असतो. फाइल हवी असली की फोनवरून ती हाक जाते आणि कपाटातून पंख्याचा आवाज येऊ लागतो. हे काम केबलीवरच भरवशाने होते, वायफायवर नाही.

कपाटात तो डॉकवर, म्हणजे सगळ्या जोडण्या असलेल्या बैठकीवर, बसलेला असतो. लॅपटॉपच्या तळाशी एक लांबट जोडणी आहे, ती डॉकवरच्या जोडणीवर बसवून वरून दाबले की पडदा, कीबोर्ड, केबल, चार्जर सगळे एकदम जोडले जाते. डॉकवरचे इथरनेट पोर्ट हे स्वतंत्र यंत्र नसते. लॅपटॉपच्याच नियंत्रकाची तार डॉकमधून बाहेर काढलेली असते. त्यामुळे लॅपटॉप डॉकवर असो वा टेबलावर, नेटवर्कला त्याचा मॅक पत्ता तोच दिसतो. हल्लीच्या यूएसबी-सी डॉकमध्ये डॉकचे स्वतःचे वेगळे नेटवर्क कार्ड असते. एकच डॉक दहा जणांनी वापरला की पत्त्यावरून माणूस ओळखणाऱ्या कार्यालयांची पंचाईत होते, आणि मग लॅपटॉपचा पत्ता डॉकला उसना देण्याची वेगळी युक्ती त्यांना करावी लागते. टी४२०च्या काळात तो प्रश्नच उद्भवला नव्हता.

आता त्या कुलपाविषयी, ज्याची मला खरोखर धास्ती वाटली. आय५-२५२०एम आणि क्यूएम६७ ही जोडी एकत्र असली की इंटेलचे एएमटी हे दूरनियंत्रण तंत्र मिळते. चिपसेटमध्ये मुख्य प्रोसेसरहून वेगळा एक छोटा संगणक असतो आणि तो मशीन बंद असतानाही, वीज व केबल असेल तर, चालू राहतो. कुतूहल म्हणून मी ते चालू करून पाहिले. मशीन सुरू होताना कंट्रोल आणि पी ही बटणे दाबली की त्याचा स्वतःचा निळा-करडा मेनू येतो, आणि त्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड असतो 'अॅडमिन'. तोच चालला, म्हणजे आधीच्या कंपनीने हे तंत्र कधी हाताळलेच नव्हते. पासवर्ड बदलून ते सुरू केले, लॅपटॉप पूर्ण बंद केला, आणि डेस्कटॉपच्या ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा पत्ता व पुढे १६९९२ हा पोर्ट क्रमांक लिहिला. बंद लॅपटॉपने वेबपान उघडून दाखवले. त्यात रॅमच्या पट्ट्यांची माहिती होती, डिस्कचे मॉडेल होते, घडामोडींची नोंद होती, आणि मशीन चालू करण्याचे बटण होते. पडदा काळा, दिवे विझलेले, आणि तरी मशीन आपली जन्मपत्रिका वाचून दाखवते आहे, हे पाहून मी क्षणभर खुर्ची मागे सरकवली.

शेकडो मैलांवरच्या शाखेतले बंद पडलेले मशीन जाग्यावर बसून दुरुस्त करणाऱ्याला याचा केवढा उपयोग असेल, हे समजते. पण १ मे २०१७ रोजी इंटेलने जाहीर केले की एएमटीच्या सहाव्या आवृत्तीपासून ११.६ पर्यंत एक गंभीर चूक होती : पासवर्डच्या पडताळणीत उत्तराच्या जागी रिकामी ओळ पाठवली तरी दार उघडत होते. टी४२०मध्ये सातवी आवृत्ती आहे, म्हणजे तो बरोबर त्या पट्ट्यात येतो. पुढे जानेवारी २०१८ मध्ये एफ-सिक्युअर या फिनलंडच्या कंपनीने दाखवून दिले की बायोसला पासवर्ड असला तरी कंट्रोल-पीच्या मेनूतून 'अॅडमिन' वापरून मिनिटाच्या आत कोणालाही हे तंत्र आपल्या ताब्यात घेता येते. इंटेलने पहिल्या चुकीवर दुरुस्त फर्मवेअर (चिपमधले मूळ सॉफ्टवेअर) काढले, दुसऱ्यावर उपाय पासवर्ड बदलण्याचा. मी दोन्ही केले आणि वर एएमटी बंदही करून टाकले. जुना कंपनी-लॅपटॉप घेणाऱ्याने डिस्क पुसण्याआधी हा मेनू पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे; डिस्क कितीही पुसली तरी हा भाग तिथे नसतोच.

वायफायच्या बाबतीत टी४२०ची पहिली ओळख त्याच्या कडेच्या सरकत्या बटणाने होते. हे बटण सरकवले की वायफाय, ब्लूटूथ सगळे बंद. पिशवीत घालताना ते नकळत सरकते आणि मग माणूस तासभर ड्रायव्हर बदलत बसतो. मी दोनदा बसलो आहे. आत इंटेलचे सेंट्रिनो अॅडव्हान्स्ड-एन ६२०५ हे कार्ड आहे, दोन अँटेनांचे, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही पट्ट्यांवर चालणारे, कागदावर ३०० मेगाबिटचे. अँटेना पडद्याच्या चौकटीत असतात आणि त्यांच्या बारीक तारा बिजागरीतून खाली कार्डापर्यंत येतात.

एकदा सकाळी घरचे वायफाय लॅपटॉपच्या यादीतून नाहीसे झाले. फोनवर होते, शेजाऱ्यांची सगळी नावे लॅपटॉपवर दिसत होती, फक्त आमचे नव्हते. राउटर बंद-चालू केला की दिसे, दोन दिवसांनी पुन्हा गायब. शेवटी फोनवरच्या एका अॅपने कळले की राउटर वाहिनी (रेडिओ लहरींचा ठरावीक पट्टा) आपोआप निवडत होता आणि कधीकधी १३व्या वाहिनीवर जाऊन बसत होता. भारतात २.४ गिगाहर्ट्झच्या १ ते १३ या वाहिन्या चालतात, अमेरिकेत मात्र रूढ वापर ११ पर्यंतच. माझे कार्ड अमेरिकी बाजारासाठीचे, आणि तो नियम कार्डाच्याच स्मृतीत कोरलेला असल्यामुळे लिनक्सला देश भारत आहे असे कितीही सांगितले तरी कार्ड बारावी-तेरावी वाहिनी ऐकायला तयार नव्हते. पोटावरच्या खरवडलेल्या लेबलाखाली कुठला देश होता, त्याचा अंदाज मला त्या दिवशी आला. राउटरची वाहिनी सहावर पक्की केली आणि प्रश्न मिटला.

वेग वाढवण्याचा मोह पुढे झालाच. इंटेलचे ७२६० हे पुढच्या पिढीचे कार्ड त्याच अर्ध्या आकारात मिळते, ऑनलाइन मागवले, कीबोर्ड आणि पामरेस्ट (मनगट टेकवायचा भाग) उतरवून बसवले, तारांची सोनेरी टोपणे नखाने दाबून लावली, आणि मशीन सुरू केले. पडद्यावर १८०२ हा क्रमांक आणि एक वाक्य आले : अनधिकृत नेटवर्क कार्ड बसवले आहे, मशीन बंद करून ते काढा. बस्स. पुढे काहीही नाही, एस्केप नाही, दुर्लक्ष करून पुढे जाण्याची सोय नाही. बायोसमध्ये मान्य कार्डांची यादी असते आणि तीत नसलेले कार्ड दिसले की मशीन तिथेच थांबते. गंमत अशी की तेच इंटेलचे कार्ड, पण लेनोवोच्या ओळख क्रमांकाचे, चालते आणि खुल्या बाजारातले चालत नाही. रेडिओ आणि अँटेना यांच्या जोडीला मिळून परवाना घ्यावा लागतो, असे कारण कंपन्या यासाठी देतात. त्यात तथ्य असेलही. पण यूएसबीत खोचलेल्या वायफायला हेच मशीन एका शब्दाने विचारत नाही, हे पाहता माझी सहानुभूती फार टिकली नाही. कोअरबूट हे मुक्त फर्मवेअर टी४२०वर चालते आणि त्यात अशी यादी नाही, परंतु ते चढवण्यासाठी मशीन बरेच उघडून चिपवर चिमटा लावावा लागतो, आणि ज्या मशीनवर माझी विवरणपत्रे आहेत त्याच्यावर मी ती शस्त्रक्रिया करायला धजलो नाही.

मोबाइल इंटरनेटच्या कार्डाची जागा मात्र मला वेगळ्याच तऱ्हेने उपयोगी पडली. बॅटरी काढली की तिच्या खोबणीत सिमकार्डाची फट दिसते; तिच्यासाठीचे ३जी कार्ड माझ्या मशीनमध्ये नव्हतेच, आणि असते तरी काय, २०१६ मध्ये आलेली जिओ मुळातच ४जीवर उभी होती आणि एअरटेलने २०१९ पासून कोलकात्यापासून सुरुवात करून ३जी गुंडाळले. पण त्याच जागेत एमसाटा जातीची छोटी एसएसडी बसते, सेकंदाला ३ गिगाबिटच्या मार्गाने, आणि १८०२ तिच्या वाटेला जात नाही. माझी कार्यप्रणाली आज तिथे आहे.

तक्रारी आहेत. पडदा १३६६ बाय ७६८ बिंदूंचा आणि इतका फिका की किंचित मान हलवली की काळ्याचे करडे होते. हिशेबाचे तक्ते पाहण्यासाठी मी बाहेरचा पडदाच लावतो. यूएसबी ३ नाही, कारण इंटेलने ते चिपसेटमध्ये पुढच्या पिढीत दिले. एक्स्प्रेसकार्डाच्या (जादा कार्ड खोचण्याच्या) फटीत यूएसबी ३चे कार्ड घालून मी काम भागवतो. यूट्यूबचे नव्या पद्धतीने दाबलेले व्हिडिओ उलगडण्याची ताकद त्याच्या चित्र-चिपमध्ये नाही, त्यामुळे ते सगळे काम प्रोसेसरवर पडते आणि पंखा घोंघावतो. विंडोज ११ला आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप हवी, इथे दुसरी पिढी आणि टीपीएम १.२, विंडोज १०ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली, तेव्हा आता लिनक्सच. बॅटरीबद्दल तर न बोललेले बरे. अस्सल बॅटरी आता मिळत नाही, आणि एका दुकानाने नवी म्हणून दिलेल्या नऊ सेलच्या बॅटरीने दुसऱ्याच महिन्यात आपली क्षमता लिहिलेल्याच्या दोन-तृतीयांश असल्याचे स्वतःच कबूल केले.

गेल्या महिन्यात सकाळी मशीन सुरू करताच 'फॅन एरर' असे दोन शब्द आले आणि ते आपणहून बंद झाले. दुरुस्ती-पुस्तक उघडले, रेघांच्या कागदावर स्क्रू क्रमाने मांडत गेलो, आणि पंख्यावरचा क्रमांक सांगून तपकीर गल्लीतून साडेसहाशे रुपयांना पंखा आणला. जुन्या पंख्यात कापसासारखा धुळीचा गालिचा बसला होता. नवीन पेस्ट लावून परत बंद करताना वायफाय कार्डाशेजारी काळ्या-करड्या तारांच्या जोडीला एक पांढरी तार दिसली, टोकाला प्लास्टिकची नळी घालून दुमडून ठेवलेली. तिसरी अँटेना चौकटीत होती, फक्त तिला लावायला कार्ड नव्हते. इंटेलचे तीन अँटेनांचे ६३०० हे कार्ड मान्य यादीत आहे. लेनोवोच्या क्रमांकाचे ते कार्ड जुन्या मालात तीनशे रुपयांना मिळाले, पांढऱ्या तारेची नळी काढून ती लावली, आणि १८०२ आले नाही.

कागदावर हे कार्ड ४५० मेगाबिटचे. जोडणी मात्र अजून ३०० चीच दाखवते, कारण समोरचा राउटर दोनच प्रवाहांचा (एका वेळी दोनच रेडिओ-धारा चालवणारा) आहे आणि तो इंटरनेट कंपनीने बसवून दिलेला आहे. मागच्या खोलीत सिग्नल पूर्वी तुटायचा, तो आता तुटत नाही एवढाच फरक पडला आहे. राउटर बदलायचा तर त्या केबलवाल्या दादालाच बोलवावे लागेल, आणि तो आला की या वेळी आठही तारा मी समोर उभा राहून मोजणार आहे.